विहिरीखालचा कुणगा

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई 53 वर्षांच्या, डोंबिवलीत राहतात. आईवडील मुंबईत चाळीतल्या एका खोलीत, म्हणून त्या सातवीपर्यंत कुडाळ तालुक्यात आजोळी वाढल्या. आषाढात विहिरीखालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, नांगराचं जोत फिरलं की मामेभावांबरोबर त्या चिखलात लोळायच्या, घसरगुंडी करायच्या, संध्याकाळी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, अंग धुवायच्या. मुंबईला आल्यावर मे महिन्यात आणि गणपतीला जाणं झालं, लावणीत मात्र कधीच नाही. 19 वर्षांपूर्वी आजीच्या बाराव्याला सातबाऱ्यावरच्या आईच्या नावावरून मामांशी बोलाचाली झाली. आईने हक्कसोडपत्रावर सही केली नाही आणि येणंजाणं थांबलं. आता आई नाही, मामाही दोन वर्षांपूर्वी गेले. मामी आहेत. गेल्या पावसाळ्यात मामेभावाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर त्याच कुणग्यात पॉवर टिलर फिरताना दिसला आणि ताईंना रात्रभर झोप लागली नाही. यंदा एकदा त्या चिखलात उतरायचंच, असं मनात आहे. पण हिस्सा मागायला आली असं त्यांना वाटेल का? जमिनीशी आपला काही संबंध नाही हे त्यांना कसं पटवायचं? तो चिखल आता तसाच असेल का? शुगर आहे, गुडघे कुरकुरतात, आणि यजमान म्हणतात, कर्जतकडे माणशी दीड हजारात चिखल, जेवण, रेन डान्स सगळं मिळतं, तिकडे जाऊ.

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. पावणेचार पानं चिखल आणि शेवटच्या पाव पानात सातबारा. मी ते शेवटाकडून वाचायला घेतलं, तेव्हा कुठे नीट कळलं. उत्तर देताना मात्र तुमच्याच क्रमाने जाते.

तो चिखल तसाच असेल का, हा प्रश्न तुम्ही तीनदा विचारलाय. तसा तो तुमच्या लहानपणीही एका वर्षाचा दुसऱ्या वर्षी नव्हता. कुणग्यात चिखल पडलेला नसतो, तो करावा लागतो. आपल्या जांभ्याच्या मातीत पाणी ठरत नाही, कितीही कोसळलं तरी खाली निघून जातं. म्हणून मेर, म्हणजे कुणग्याचा बांध, घालायची, कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पाडलेली बिळं बुजवायची, पाणी अडवायचं आणि मग उभं-आडवं जोत घालायचं. ढेकळं विरतात, गाळ खाली बसतो, पाणी झिरपायच्या वाटा बंद होतात, तण गाडलं जातं. वर गुटा, म्हणजे सपाटी करायची फळी, फिरला की तो आरशासारखा लखलखीत कुणगा तयार, ज्यात तुम्ही उडी मारायचात. एवढं सगळं दर आषाढात नव्याने. एखादा कुणगा दोन-चार वर्षं पडीक ठेवून बघा. मेर फुटते, कुर्ल्या ती पोखरून काढतात, रानमोडीचं तण माजतं, आणि भर पावसातही तिथे घोटाभर पाणी टिकत नाही. कोकणात आज असे कुणगे कमी नाहीत. तुमच्या कुणग्यात गेल्या वर्षी टिलर फिरत होता, म्हणजे 19 वर्षं कोणीतरी तो राखलाय. व्हिडिओ बघून तुमची झोप उडाली, ती जुन्या आठवणीने उडाली असं तुम्ही म्हणता. मला वाटतं थोडी ह्यानेही उडाली असावी, की आपल्यावाचून तिथे सगळं चाललंय.

आता जरा नाजूक विचारते. तुम्ही चिखलात लोळत होतात तेव्हा मामी कुठे होत्या?

पत्रात त्या एकदाच येतात, "आधी पाय धू, मागीर चाय" म्हणायला. त्या तुमच्यापासून वीस हातांवर असणार, डोक्यावर इरलं, कमरेत वाकलेल्या, उलट्या पावलांनी मागे सरकत तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावत. सकाळी उकड्या तांदळाची पेज ठेवून आलेल्या आणि संध्याकाळी परत चुलीपाशी जाणाऱ्या. तुम्ही ज्याला चिखल म्हणता त्याला त्यांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या म्हणत, आणि रात्री त्यावर हळद-तेल लावत बसावं लागे. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पोरांनी लोळायचंच असतं, आणि लोळू दिलं म्हणजे त्या घराने तुम्हाला भाची नव्हे, घरचंच मूल मानलं होतं. पण आज 53व्या वर्षी "एकदा त्या चिखलात उतरायचंय, एवढंच" म्हणत तुम्ही जाल, तेव्हा मेरेवरून बघणाऱ्याला ते कसं दिसेल याचा विचार करा. लावणीचे दिवस म्हणजे त्या घरासाठी परीक्षेचे दिवस. टिलर तासाच्या हिशोबाने भाड्याने येतो आणि गावात सगळ्यांना तो एकाच वेळी हवा असतो. बायामाणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. तरवा 21 ते 25 दिवसांचा झाला की लावायलाच हवा, जून झाला की फुटवे कमी येतात. अशात मुंबईचा पाहुणा म्हणजे वेगळा चहा, वेगळं अंथरूण आणि वर कुणग्यात फोटो.

तेव्हा जायचं असेल तर लावणीला जा. चिखल त्यात आपोआप येतोच.

माझीच फजिती सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी सासरी राजापूरकडे लावणीला उतरले. डोंबिवली-ठाण्याच्या सुनेला सगळे कौतुकाने बघत होते. मी रोप सुटून तरंगेल या भीतीने प्रत्येक काडी मनगटापर्यंत खुपसत होते. दोन ओळी झाल्या, कंबर मोडली, फोटोही निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतून पाहिलं तर जाऊबाई त्याच दोन ओळी उपटून परत लावत होत्या, मुकाट्याने. तरवा वरवर लावायचा असतो. दोन-तीन काड्या एकत्र धरायच्या, अंगठ्याने मुळाशी नुसतं टेकवायचं, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर आत. खोल गेला की तो आधी चिखलातून वर यायलाच झुरतो, फुटवे कुठून फुटणार? हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर जाऊबाईंची एक सकाळ वाचली असती. तुम्हाला सांगून ठेवते. पहिल्या दिवशी मुठी पोचवायचं काम मागून घ्या. तरव्याच्या दाढीतून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटलेल्या मुठी लावणाऱ्यांच्या हाताशी टाकत जायचं, म्हणजे पोरांचं काम. चिखलात दिवसभर फिरणं होतं आणि कोणाचं बिघडत काही नाही.

आता ते पाव पान.

"जमिनीशी माझा काही संबंध नाही" असं तुम्ही लिहिलंय. ताई, संबंध आहे. आईचं नाव सातबाऱ्यावर होतं, आईने सही केली नाही, आणि मृत्युपत्र नसेल तर आईचा हक्क तिच्या वारसांकडे आला. म्हणजे तुम्ही, तुमची भावंडं आणि वडील असतील तर वडील. वारस नोंद झाली असो वा नसो. मामेभावाच्या मनात शंका आली तर ती खोडसाळ नाही, कागदाला धरून आहे. उद्या त्याला बोअरवेलसाठी किंवा कर्जासाठी सह्या लागल्या तर तो तुमच्याच दारात येणार आहे. त्यामुळे "मला काही नको" हे पटवून देण्याचा खटाटोप तुम्ही चहा पिताना, जेवताना, चिखलात उभं राहून कितीही केलात, तरी त्याला ते पोकळच वाटणार. आणि खरं सांगू, मलाही वाटलं. इतक्या वेळा नको म्हणणारं माणूस स्वतःलाच समजावत असतं कधीकधी.

नको असेल तर नको, हवं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तुमच्या आईने सही केली नाही म्हणून ती लोभी ठरत नाही. पत्रात तुम्ही आईची बाजू एकदाही मांडलेली नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. तिलाही त्या कुणग्यातलं काहीतरी हवं असेल, गुंठ्यात मोजता न येणारं. पण हे ठरवायला आषाढ ही वेळ नव्हे आणि कुणगा ही जागा नव्हे. भावंडांशी घरी बसून बोला, एखाद्या वकिलाला कागद दाखवा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मामींच्या गळ्यात पडून रडल्यानंतरच्या संध्याकाळी कोणी कागद पुढे केला तर सही करू नका. आणि कोणी केला नाही तर आपण होऊन "आण रे, करते सही" असंही म्हणू नका. हे दुसरं तुमच्या हातून होईल अशी मला जास्त भीती वाटते. माफी मागायचं साधन म्हणून जमीन वापरली की पुढे दोन्ही घरांना ती डाचते.

मग मामेभावाशी बोलायचं काय? जे आहे ते, आणि जाण्याआधी. तिथे पोचल्यावर विषय टाळत चार दिवस काढण्यापेक्षा फोनवरच पहिल्या दोन वाक्यांत संपवा. "मामा गेले तेव्हा मी यायला हवं होतं, आले नाही, चुकलं माझं. जमिनीचं जे काय आहे ते आपण दिवाळीनंतर सगळे बसून बोलू, त्यासाठी मी येत नाहीये. लावणीला येऊ का?" एवढंच. शपथा नकोत, "आईची आण" नको. तो क्षणभर गप्प राहील. राहू द्या. कदाचित "बघूया" म्हणेल, आणि आपल्याकडे बघूया म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. तसं झालं तर यंदा जाऊ नका. गणपतीत एका दिवसासाठी जा, मामींना भेटा, मामांच्या फोटोला हार घाला, विहिरीपर्यंत चालत जा. तोवर भात गुडघाभर वाढलेलं असेल, चिखल दिसणारही नाही. पुढच्या आषाढाचं आमंत्रण त्या एका दिवसातून निघू शकतं.

तारीख मात्र त्याला विचारू नका. "12 तारखेला चालेल का, रजा टाकायचीय" असं विचारणारा माणूस गावात लगेच ओळखू येतो. मृगात पेरलं असेल तर आर्द्राच्या शेवटी नाहीतर पुनर्वसूत, म्हणजे साधारण जूनचे शेवटचे दिवस ते जुलैचा मध्य, यात कधीतरी लावणी येते. पाऊस दडी मारतो आणि सगळं पुढे ढकललं जातं, नाहीतर तरणा, म्हणजे पुनर्वसूचा पाऊस, असा कोसळतो की तरवाच वाहून जातो. "तरवा कधी होईल लावणीला?" असं विचारा आणि आठवडाभर हाताशी ठेवा. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाडी रखडणार हे धरूनच निघा.

आता तब्येत. इथे मी कडक होणार आहे, आणि हे ज्यांना ज्यांना गावच्या शेतात उतरायची हौस आहे त्या सगळ्यांसाठी. भाताच्या चिखलात लेप्टो असतो. उंदीर-घुशींच्या, गुरांच्या मुतातून तो जंतू पाण्यात येतो आणि पायाला जरा खरचटलं असलं की आत शिरतो. लावणीच्या दिवसांत कोकणात आरोग्य कर्मचारी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात त्या याचसाठी. तुम्ही आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, कोणाकडून ऐकून गोळी घेऊ नका. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना ती सरसकट चालत नाही. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत, अगदी महिन्याभरातही, ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी भाताच्या चिखलात होते. शहरातल्या डॉक्टरांच्या हे आपणहून मनात येईलच असं नाही.

तुमची शुगर हा त्यातला मोठा मुद्दा. पायाची संवेदना शाबूत आहे का हे तपासून घ्या. डॉक्टर एक पातळ तार टेकवून पाहतात, पाच मिनिटांचं काम. पाय बधिर असतील तर चिखलातला काटा, शंखाचा तुकडा लागलेला कळणार नाही, आणि शुगर असलेल्या पायाची जखम कुठवर जाते हे मी सांगायला नको. तसं असेल तर अनवाणी उतरायचं नाही, गमबूट. मला माहीत आहे, तुम्हाला वाटेल गमबूट घालून उतरायचं तर जायचंच कशाला. पण लावणी हातांनी होते. कोपरापर्यंत हात भरतील तेवढे भरू द्या, हातांवर जखम नसली म्हणजे झालं. आणि पाय ठीक असतील, डॉक्टर हो म्हणाले, तर तासभर अनवाणी उतरा, वर आल्यावर साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा आणि तळवे कोणालातरी नीट बघायला सांगा. गुडघ्यांसाठी एक युक्ती. चिखलातून पाय सरळ वर ओढायचा नाही, टाच आधी सैल करायची, बोटं खाली ठेवून हळूच काढायचा. लहानपणी हे तुम्हाला येत होतं. पाय ते विसरलेले नसतील, गुडघे मात्र पन्नाशीपुढचे आहेत.

यजमानांच्या कर्जतविषयी. तुम्ही त्यांच्यावर पत्रात बऱ्याच चिडल्या आहात, पण मला त्यांची सूचना हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. त्यांना तुम्ही तिथे जाऊन दुखावून परत याल याची काळजी वाटतेय, आणि नवऱ्यांना काळजी अशीच पॅकेजच्या रूपात सुचते. ज्यांना गावच उरलेलं नाही, किंवा आहे पण सगळे कुणगे पडीक, त्यांनी असा एक दिवस जरूर काढावा. पोरांना भात झाडाला लागत नाही एवढं तरी कळतं. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून, विठ्ठलाचं नाव घेत मोठी माणसं लहान पोरांसारखी चिखलात खेळतात. निव्वळ खेळायचाच चिखल हवा असेल तर त्याच्यासारखा नाही. ज्यांचा स्वतःचा कुणगा पडीक आहे आणि गावात कसणारं कोणी आहे, त्यांनी एखादा तुकडा त्याला कसायला देण्याचं बघावं, आधी कागदावर काय लिहायचं ते वकिलाला विचारून. मेर बांधली, दोन पावसाळे जोत फिरलं की पाणी पुन्हा ठरायला लागतं.

तुम्हाला मात्र कर्जतला जाऊन चालणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिथे "खय होतंस इतकी वर्सां?" असं विचारणारं कोणी नाही. तुम्ही घाबरताय ते त्या प्रश्नाला, आणि जायचंय तेही तो ऐकायलाच.

जाताना मामींसाठी साडी नेऊ नका. लावणीत साडी कपाटात जाते आणि तुम्ही पाहुण्या होता. त्यांच्या पायांसाठी चांगलं मलम न्या, घोट्यावर येणारे हलके गमबूट त्यांच्या मापाचे न्या, घालतील की नाही कोण जाणे. चहा-साखर, डाळ, कांदे-बटाटे भरपूर न्या, बायामाणसांचा स्वयंपाक असतो. पहिल्या दुपारी कुणग्यात न जाता त्यांच्याबरोबर चुलीपाशी बसा. मामा कसे गेले ते त्या सांगतील. मधेच थांबल्या तर लगेच दुसरा विषय काढू नका.

आणि फोन सकाळी सहाच्या आधी करा नाहीतर रात्री आठनंतर. मधल्या वेळात तो कुणग्यात असेल आणि फोन पडवीत खुंटीला.